विकत घेतलेल्या तबकडीची किल्ली कोणाकडे? : संगणकावर ब्लू-रे पाहण्याचा इतिहास

१/
आज किल्ले नाहीत, लढाया नाहीत, मोडी कागदही नाहीत. आजचा धागा एका साध्या प्रश्नावर आहे : संगणकावर ब्लू-रे तबकडी पाहायची असेल तर कोणते सॉफ्टवेअर निवडावे? प्रश्न दुकानात विचारण्याजोगा वाटतो. मी मात्र त्याचे उत्तर शोधता शोधता १९९६ पर्यंत मागे गेले, आणि वाटेत नॉर्वेतील एक पंधरा वर्षांचा मुलगा, न्यूयॉर्कचे न्यायालय आणि पॅरिसजवळचे एक विद्यार्थी-वसतिगृह लागले.

२/
घडले ते असे. आत्येबहीण न्यू जर्सीहून सुट्टीला आली तेव्हा तिने माझ्यासाठी सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी आणली : 'पथेर पांचाली', 'अपराजितो', 'अपूर संसार', तिन्ही ब्लू-रेवर. मी आधीच एक यूएसबी ड्राइव्ह मागवून ठेवला होता. जेवणे आटोपून आम्ही चौघी मैत्रिणी खोलीत बसलो, दिवा मालवला, तबकडी आत सरकवली. पडद्यावर एक सूचना उमटली : सॉफ्टवेअर अद्ययावत करा. अद्ययावत करायला गेले तर कळले की ड्राइव्हसोबत फुकट मिळालेल्या आवृत्तीला ती सोयच नाही. पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी. मग व्हीएलसी उघडले. त्याने नम्रपणे सांगितले की ही तबकडी उलगडण्यासाठी 'एएसीएस'ची लायब्ररी लागते आणि ती येथे नाही. साडेअकरा वाजता आम्ही दिवा लावला.

३/
ती तबकडी माझ्या मेजावर कशी पोहोचली हे सांगितल्याशिवाय त्या रात्रीचा संताप कळणार नाही. १९९३ मध्ये लंडनमधील एका फिल्म प्रयोगशाळेला आग लागली. राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह तेथे होत्या. जळून ठिसूळ झालेली, वितळून एकमेकांना चिकटलेली ती रिळे कोणी फेकून दिली नाहीत. ती लॉस एंजेलिसला, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात गेली आणि सुमारे वीस वर्षे तशीच राहिली.

४/
मग इटलीतील बोलोन्याच्या 'लिम्माजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेतील कारागिरांनी ती रिळे मऊ केली, थर सोडवले, फाटलेल्या कडा हातांनी सांधल्या. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग त्या होरपळलेल्या निगेटिव्हवरूनच परत मिळवता आला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह वापरण्याजोगी उरली नव्हती. तो इतर प्रतींवरून उभा केला. २०१५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ही प्रत प्रथम दाखवली गेली आणि त्याच वर्षी तबकडीवर आली. आगीतून वाचलेला हा चित्रपट माझ्या लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर येऊन अडला.

५/
आता मागे जाऊ. ज्यांच्या घरी व्हीसीआर होता त्यांना आठवत असेल, कॅसेट कोणत्याही यंत्रात चालायची. यंत्र बनवणाऱ्याला चित्रपटगृहांच्या मालकांची किंवा निर्मात्यांची अनुमती लागत नसे. कॅसेटची प्रत काढली की चित्र पुसट होई, प्रतीची प्रत आणखी पुसट. निर्मात्यांना हा पुसटपणाच संरक्षण देत होता. १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी आली आणि ते संरक्षण संपले : अंकीय प्रत मूळाइतकीच स्वच्छ. म्हणून डीव्हीडीवरील चित्रपट कूटबद्ध केला गेला. त्या कूटपद्धतीचे नाव सीएसएस.

६/
येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते साऱ्या इतिहासाची मेख तीच. तबकडी कूटबद्ध असली की ती वाचणाऱ्या प्रत्येक यंत्राला आणि सॉफ्टवेअरला किल्ली हवी. किल्ली हवी तर करार हवा. करार हवा तर त्यातील अटी पाळल्या पाहिजेत : अमुक सोय देऊ नका, अमुक बटण दाबता येऊ नये, अमुक देशाची तबकडी चालवू नका. प्रत काढणारा चोर या कुलपाने किती अडला हा प्रश्न वेगळा; पण यंत्र कोणी बनवावे आणि ते कसे असावे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र या कुलपाने एका गटाच्या हाती दिला.

७/
आपल्या किनाऱ्याला हा प्रकार नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' सुरू केला. जहाज तुमचे, माल तुमचा, खलाशी तुमचे. पण गोव्याच्या राजवटीचा कागद जवळ नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक चालवले आणि मुंबईकर इंग्रजांना ते मुळीच रुचले नाही. (त्यावर स्वतंत्र धागा केव्हातरी लिहीन.) तुलना फार ताणणार नाही. मात्र 'वस्तू तुमची, वाट आमची' हा युक्तिवाद त्या कागदातही होता आणि या किल्लीतही आहे.

८/
सीएसएसची किल्ली ४० बिटांची, म्हणजे त्या काळीही तोकडी होती. बलवान कूटलेखनाच्या निर्यातीवर अमेरिकेचे निर्बंध होते, हे त्यामागचे एक कारण. विंडोज आणि मॅकसाठी परवानाधारक प्लेअर होते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी मात्र कोणी करार केलेला नव्हता. त्यांनी डीव्हीडी विकत घ्यावी आणि कपाटात ठेवावी, एवढीच मुभा.

९/
१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतील यॉन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने, दोन अनाम साथीदारांच्या मदतीने तयार झालेला 'डीसीएसएस' हा छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला. झिंग नावाच्या एका परवानाधारक प्लेअरने आपली किल्ली नीट लपवली नव्हती; तेथून सारे उलगडले. जानेवारी २००० मध्ये नॉर्वेच्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. खटला उभा राहिला आणि जानेवारी २००३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कारण साधे होते : स्वतः रीतसर विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा त्याला हक्क होता. सरकारने अपील केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथेही तो सुटला.

१०/
अटलांटिकच्या पलीकडे नेमका उलटा निकाल लागला. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने तांत्रिक कुलूप ओलांडण्याचे साधन लोकांना पुरवणेच बेकायदा ठरवले होते. त्या साधनाने प्रत्यक्ष चोरी झाली की नाही हा प्रश्नच गौण. '२६००' या हॅकर नियतकालिकाविरुद्ध चित्रपट कंपन्या न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २००० मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी नियतकालिकाला डीसीएसएस प्रसिद्ध करण्यास, इतकेच नव्हे तर तो जेथे मिळतो त्या पत्त्यांचे दुवे देण्यासही मनाई केली.

११/
मनाईनंतर जे होते तेच झाले. लोकांनी तो प्रोग्राम सदऱ्यांवर छापला. एकाने तो हायकूंच्या रूपात लिहिला. फिल कार्मडी नावाच्या गणितप्रेमीने २००१ मध्ये अशी एक मूळसंख्या शोधली की जिच्यात तो प्रोग्राम दडलेला होता. मूळसंख्या बाळगणे गुन्हा कसा ठरेल, हा त्यामागचा खट्याळ प्रश्न. कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड टुरेट्स्की यांनी अशा रूपांतरांचे एक दालनच मांडले. न्यायालयाने चाकोरी आखून दिली की लोकवाङ्मय कसे बहरते, याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे दालन जरूर पाहावे.

१२/
याच सुमारास फ्रान्समध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. पॅरिसजवळच्या 'एकोल सेंत्राल' या अभियांत्रिकी शाळेतील विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवे होते. खरे कारण संगणकावरचे खेळ, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. पैसा मिळवण्यासाठी त्यांनी १९९६ मध्ये प्रकल्प मांडला तो उपग्रहावरून आलेले चित्रवाणी कार्यक्रम नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोहोचवण्याचा. त्यातूनच व्हीएलसी जन्मले. १ फेब्रुवारी २००१ रोजी ते मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या नारिंगी शंकूचे मूळ ठाऊक आहे? त्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरचे वाहतुकीचे शंकू गोळा करून ठेवले होते, म्हणून तीच खूण.

१३/
व्हीएलसीच्या मंडळींनी डीव्हीडीसाठी स्वतःची लायब्ररी लिहिली. ती कोणाची किल्ली चोरत नव्हती. सीएसएस इतके दुबळे होते की गणिताने किल्ली शोधून काढता येत असे. त्यामुळे आज कोणत्याही संगणकावर डीव्हीडी घातली की व्हीएलसी मुकाट्याने ती लावते आणि आपल्याला वाटते की तबकडीचा हा स्वभावच आहे. ब्लू-रेबाबत आपण फसतो ते येथे.

१४/
ब्लू-रेची तांत्रिक कथा थोडक्यात. डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या कामातून निळ्या प्रकाशाचे आणि पुढे निळ्या-जांभळ्या लेझरचे अर्धवाहक व्यवहारात आले (नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल इसामु अकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह मिळाले). ४०५ नॅनोमीटरच्या बारीक किरणाने त्याच आकाराच्या तबकडीच्या एका थरावर ४.७ ऐवजी २५ गिगाबाइट मावू लागले. २००६ मध्ये सोनी-गटाची ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि फेब्रुवारीत तोशिबाने शस्त्र खाली ठेवले. या युद्धावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कुलपाच्या बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत होते.

१५/
ते कुलूप म्हणजे एएसीएस. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, डिस्ने आणि वॉर्नर या आठ जणांनी ते उभे केले. सीएसएसच्या पराभवातून त्यांनी धडा घेतला होता. किल्ली १२८ बिटांची केली, पण खरी हुशारी दुसरीकडे होती. किल्ली कधीतरी फुटणारच, हे त्यांनी गृहीत धरले आणि फुटलेली किल्ली रद्द करण्याची व्यवस्था तबकडीतच घातली.

१६/
ती अशी चालते. प्रत्येक परवानाधारक प्लेअरला किल्ल्यांचा एक जुडगा मिळतो. प्रत्येक तबकडीवर एक तक्ता असतो. मान्यताप्राप्त जुडगा त्या तक्त्याला लावला की चित्रपट उघडणारी किल्ली तयार होते. रद्द झालेला जुडगा लावला तर काहीच हाती येत नाही. एखाद्या प्लेअरची किल्ली फुटली की पुढच्या तबकड्यांवर नवा तक्ता छापायचा, बस. ज्याचे नाव वगळले तो प्लेअर त्या दिवसापासूनच्या साऱ्या तबकड्यांना मुकला.

१७/
संगणकावर याच्या पुढची पायरी आहे. तेथे ड्राइव्ह वेगळा आणि सॉफ्टवेअर वेगळे, म्हणून दोघांनी आधी एकमेकांना ओळख पटवावी लागते. नवी तबकडी घातली की तिच्यावरील रद्द झालेल्या सॉफ्टवेअरची यादी ड्राइव्ह वाचतो आणि स्वतःच्या स्मृतीत कायमची ठेवतो. याचा परिणाम नीट ध्यानात घ्या. तुमचे जुने सॉफ्टवेअर जुनी तबकडी काल व्यवस्थित लावत होते. आज तुम्ही एक नवी तबकडी घातली. ड्राइव्हने नवी यादी वाचली. उद्या तीच जुनी तबकडी त्याच सॉफ्टवेअरवर चालणार नाही, कारण ड्राइव्हच त्याच्याशी बोलायला नकार देईल.

१८/
हे कुलूप किती टिकले? २००६ च्या जूनमध्ये पहिले ब्लू-रे प्लेअर बाजारात आले आणि त्याच डिसेंबरच्या २६ तारखेला 'मुस्लिक्स६४' या टोपणनावाच्या कोणा व्यक्तीने एचडी डीव्हीडी उलगडणारा प्रोग्राम मांडला. जानेवारीत ब्लू-रेची पाळी. त्याने सांगितलेले कारण वाचले तेव्हा मी थबकले : पैसे मोजून घेतलेली तबकडी, केवळ त्याचा मॉनिटर ठरावीक सुरक्षाप्रणाली मानत नाही म्हणून, त्याला पाहता येत नव्हती. त्याने गणित फोडले नाही. परवानाधारक प्लेअर चालू असताना संगणकाच्या स्मृतीत किल्ली उघडी पडते, ती त्याने उचलली. आपल्याच घरात, आपल्याच संगणकात ठेवलेले गुपित आपल्यापासून किती काळ लपवता येईल?

१९/
फेब्रुवारी २००७ मध्ये 'आर्नेझामी' या दुसऱ्या टोपणनावाने आणखी वरच्या पातळीची किल्ली शोधली : '०९ एफ९'ने सुरू होणारी बत्तीस अंक-अक्षरांची संख्या. एएसीएसने यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालवली. एप्रिलमध्ये विनडीव्हीडीच्या जुन्या किल्ल्या रद्द झाल्या आणि ते सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेल्या प्रत्येकाला सांगण्यात आले की अद्ययावत करा, नाहीतर नव्या तबकड्या विसरा. शिक्षा किल्ली उचलणाऱ्याला झाली नाही. ती त्या सॉफ्टवेअरच्या सर्व प्रामाणिक गिऱ्हाइकांना मिळून झाली. सामूहिक दंडाची उदाहरणे आपण वसाहतकालीन इतिहासात वाचतो.

२०/
त्यानंतर ती संख्या जिथे छापली जाई तिथे नोटिसा गेल्या. १ मे २००७ रोजी 'डिग' या बातम्या निवडून देणाऱ्या संकेतस्थळाने ती काढायला सुरुवात केली आणि वापरकर्त्यांनी पहिले पान त्याच संख्येने भरून टाकले. रात्रीपर्यंत संस्थापक केव्हिन रोझ यांनी माघार घेतली. कोणीतरी त्या संख्येचा पाचरंगी ध्वज बनवला : रंगांचे अंक ओळीने लावले की संख्या तयार. पुन्हा तोच मूळसंख्येचा खेळ.

२१/
लोकांची गंमत झाली, पण संगणक बनवणाऱ्यांनी यातून वेगळाच निष्कर्ष काढला. स्टीव्ह जॉब्स यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये ब्लू-रेला दुखण्यांची पोतडी म्हटले आणि परवान्याच्या गुंतागुंतीकडे बोट दाखवले. ॲपलच्या कोणत्याही संगणकात ब्लू-रे ड्राइव्ह कधी आला नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ब्लू-रे चित्रपट लावण्याची सोय दिलीच नाही, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डीव्हीडीचीही अंगभूत सोय काढून घेतली. 'कोणते सॉफ्टवेअर निवडावे' हा प्रश्न जन्मास आला तो या माघारीतून. घर बांधणाऱ्याने दार बसवले नाही, म्हणून आपण सुतार शोधत फिरतो.

२२/
सुतार मोजकेच. तैवानच्या सायबरलिंकचे पॉवरडीव्हीडी, कॅनडाच्या कोरेलचे विनडीव्हीडी, आर्कसॉफ्टचे टोटलमीडिया थिएटर. यांपैकी शेवटचे केव्हाच बंद झाले. परवानाधारक सॉफ्टवेअर म्हणजे वेळोवेळी किल्ल्या नव्या करण्याची जबाबदारी. गिऱ्हाईक घटले की कंपनी ती सोडते, आणि मग तुमच्याकडे राहते ते चालू होणारे पण काही न उघडणारे सॉफ्टवेअर. ड्राइव्हसोबत फुकट मिळणाऱ्या आवृत्तीचा अर्थ मला आता कळला. ती खोटी नव्हती, शिळी होती.

२३/
आणि व्हीएलसी? फेब्रुवारी २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ब्लू-रेची प्रायोगिक सोय आणली, पण किल्ल्या दिल्या नाहीत. देऊ शकत नव्हते. मुक्त सॉफ्टवेअरचा सारा मजकूर खुला असतो आणि करार म्हणतो की किल्ली लपवा. दोन्ही एकाच वेळी कसे पाळायचे? त्यांनी फ्रान्समधील 'हादोपी' या शासकीय संस्थेकडे रीतसर विचारणा केली की आमच्या वापरकर्त्यांना कायदेशीरपणे ब्लू-रे पाहता येईल असा मार्ग सांगा. २०१३ मध्ये संस्थेने मत दिले. वाट मात्र निघाली नाही. माझ्या पडद्यावरील ती नम्र सूचना या पत्रव्यवहाराचे फलित आहे.

२४/
४के ब्लू-रेची कथा तर आणखी विचित्र. २०१६ मध्ये त्या तबकड्या आल्या. या वेळी किल्ली सॉफ्टवेअरवर सोपवलीच नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधील 'एसजीएक्स' नावाच्या बंदिस्त कोठडीत ती ठेवायची असे ठरले. २०१७ मध्ये पॉवरडीव्हीडीने ती सोय आणली : इंटेलची सातवी पिढी किंवा नंतरचा प्रोसेसर हवा, एएमडी चालणार नाही. २०१८ पासून त्या कोठडीच्या भिंतींत भेगा सापडू लागल्या ('फोरशॅडो' हे त्यांतील गाजलेले नाव) आणि २०२१ च्या अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्स काढून टाकले. म्हणून ४के तबकडी अधिकृतपणे पाहायची तर सातव्या ते दहाव्या पिढीचा संगणक लागू लागला. नवा, महागडा संगणक घेतलात तर चालणार नाही. हे वाचून मी दोनदा खात्री केली.

२५/
आता भूगोल. ब्लू-रेने जग तीन विभागांत वाटले. 'ए' : दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. 'बी' : युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया, ऑस्ट्रेलिया. 'सी' : भारत, चीन, रशिया, मध्य आशिया. एका बंगाली दिग्दर्शकाची अमेरिकेत घेतलेली तबकडी 'ए' विभागाची, आणि मी 'सी'त. डीव्हीडीच्या काळी हे बंधन ड्राइव्हमध्येच असे. पाच बदलांनंतर तो कायमचा गोठे. ब्लू-रेमध्ये ते सॉफ्टवेअरच्या हाती आहे. म्हणजे विभाग कोणता, याचा निकालही तुम्ही निवडलेले सॉफ्टवेअरच लावते. (४के तबकड्यांना विभाग नाहीत. एक तरी बरे केले.)

२६/
तर ज्यांनी मूळ प्रश्न विचारला होता, त्यांच्यासाठी माझे मत. घरी जाळलेल्या, म्हणजे स्वतः लिहिलेल्या ब्लू-रे तबकड्या, लग्नाचे चित्रण वगैरे, व्हीएलसीवर पाहा. तेथे कुलूप नाही. विकतचे चित्रपट पाहायचे तर परवानाधारक सॉफ्टवेअर घ्या, पण यादीतली पंचवीस वैशिष्ट्ये वाचू नका. चाचणी-आवृत्ती उतरवा आणि तुमच्याकडील सर्वांत नवी तबकडी घालून पाहा. कंपनीने शेवटचे अद्ययावतीकरण केव्हा दिले ते बघा. मॉनिटर एचडीएमआयने जोडा, जुन्या व्हीजीए तारेने नव्हे. अनोळखी नावांचे 'फुकट ब्लू-रे प्लेअर' ढिगाने दिसतील. त्यांची किल्ली कुठून आली, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विचारावा.

२७/
तबकडी उलगडून फाइल करून ठेवा, असेही अनेकांनी सुचवले. कायदा वाचला तो असा : २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. तांत्रिक संरक्षण ओलांडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण ते हक्कभंगाच्या हेतूने केलेले असले पाहिजे, आणि कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी सूटही ठेवली आहे. म्हणजे आपला कायदा हेतू विचारतो, अमेरिकेचा मुळात विचारत नाही. तेथे दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात : चित्रपट शिकवणाऱ्या प्राध्यापकांना २००६ मध्ये डीव्हीडीसाठी मिळाली, ब्लू-रेसाठी २०१५ उजाडले. स्वतःच्या तबकडीबाबत नॉर्वेच्या न्यायालयाचे म्हणणे मला पटते. तरी मी वकील नाही, आणि हा सल्ला नाही.

२८/
मला स्वतःला काळजी वाटते ती पुढची. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी रिळे जमवण्यात आयुष्य वेचले. जुने रीळ प्रोजेक्टरशिवायही उजेडासमोर धरता येते. चौकटी डोळ्यांना दिसतात. मोडी कागद वाचता येत नसेल तर मोडी शिकता येते. एएसीएसची तबकडी हातात धरून काहीच दिसत नाही, आणि तिची लिपी शिकूनही उपयोग नाही, कारण लिपी सर्वांना ठाऊक आहे. नाही ती किल्ली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. किल्ल्या देणारे कार्यालय आणखी चाळीस वर्षांनी असेल का? त्या वेळी एखादी संशोधक माझ्यासारखीच रात्री साडेअकराला बसलेली असेल.

२९/
माझ्यापुरते सांगते. सवलतीच्या दिवसांत परवानाधारक सॉफ्टवेअर घेतले. त्याने विचारले, विभाग 'ए' करू का? पाचांपैकी एक बदल खर्च होईल. हो म्हटले. खोलीतल्या जुन्या मॉनिटरवर ते चित्र दाखवायला तयार होईना (मुस्लिक्स६४ आठवला), म्हणून चौघींनी लॅपटॉपच्याच पडद्याभोवती दाटी केली. काशफुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला धावले तेव्हा कोणी बोलले नाही.

३०/
चार बदल शिल्लक आहेत. 'अपराजितो' येत्या शनिवारी.